मागच्या सीटचं वजन

१

तात्याला तात्या म्हणत ते वयामुळे नव्हे. तो शाळेत असल्यापासूनच म्हाताऱ्यासारखा बोलायचा. गर्दीत कोणी त्याच्या पायावर पाय दिला तरी माफी हाच मागणार. ठेच लागली तर दगडाचीही विचारपूस करेल हा माणूस, असं त्याची बायको म्हणायची. छापखान्यात होता तोवर हा स्वभाव खपून गेला. मग छापखाना बंद पडला, घर ओढाताणीत सापडलं आणि मुलीला, चिमीला, लांब आजीकडे ठेवावं लागलं. थोडे दिवस म्हणून ठेवलेली पोर तिथल्याच शाळेत जाऊ लागली. आधी फोनवर रोज विचारायची, बाबा, मला न्यायला कधी येणार? हल्ली विचारत नव्हती. तिचं ते न विचारणं तात्याला खात होतं.

अशात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काम निघालं. घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. अट एवढीच की मोटरसायकल स्वतःची हवी, स्वतःच्या नावावरची आणि विमा उतरवलेली. हे जमलं की चिमी घरी येणार, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं. म्हणून तात्या जुनी गाडी बघायला एका घड्याळजीकडे गेला.

घड्याळजीचं दुकान पुढे आणि घर मागे. गाडी त्याच्या धाकट्या भावाची. तो भाऊ आतल्या खोलीत खुर्चीवर पाठमोरा बसला होता. पडद्याच्या फटीतून त्याची रुंद पाठ दिसत होती. "बोलत नाही तो," घड्याळजी म्हणाला आणि त्यानं पडदा नीट केला. मग गाडीचं कौतुक करायचं सोडून त्यानं भलतंच विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको. मुलगी आजीकडे असते."

"मूल नाही ना घरात? मग हरकत नाही."

हे तात्याला विचित्र वाटलं, पण त्याचं लक्ष गाडीकडे होतं. मागच्या पडवीत ती साइड स्टँडवर उभी होती, स्वच्छ, पुसलेली, टाकीवर एक ओरखडा नाही. फक्त मागच्या बाजूनं जरा खाली बसल्यासारखी दिसत होती.

"डबल स्टँडवर लावायच्या भानगडीत पडू नका," घड्याळजी म्हणाला. "लागत नाही. बाकी गाडी सोन्यासारखी आहे. हिच्यावर माणसाला एकटं वाटत नाही."

२

घरी येताना तात्याला वळणावर गाडी जड लागली. नवखेपणा, असं त्यानं स्वतःला समजावलं. गाडी आपल्या अंगवळणी पडायला वेळ लागतोच.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री तोंडानं फटकळ, हातानं चोख. त्यानं मागची बाजू दाबून पाहिली, उचलून पाहिली आणि म्हणाला, "शॉकअप गेलेत. दोन्ही नवे टाकू, गाडी टुणकन वर येईल."

नवे शॉकअप टाकले. गाडी जमिनीवर ठेवली. शॉकअप हळूच दबले आणि सीट होती तिथेच येऊन थांबली.

मिस्त्रीनं पुन्हा खोलून पाहिले. मग त्यानं दुसरे टाकले, जाड स्प्रिंगचे. तरी तेच. त्यानं सीटवरून हात फिरवला, पटकन काढून घेतला आणि तो हात पँटला पुसला.

"काय झालं?" तात्यानं विचारलं.

"काही नाही. सीट गरम आहे."

"उन्हात होती ना गाडी."

"पुढची गार आहे," मिस्त्री म्हणाला. आणि त्यानं हत्यारं आवरायला घेतली. मजुरीही घेतली नाही. तात्याला वाटलं, काम जमलं नाही म्हणून ओशाळला असेल. चांगल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं चांगलंच कारण सुचतं, ही एक मोठी अडचण असते.

३

नोंदणीच्या कचेरीबाहेर बसणारा एजंट कागद बघून म्हणाला, "विमा संपून जमाना झालाय. आधी विमा, मग गाडी नावावर. आणि एवढा जुना विमा परत चालू करायचा तर विम्याचा माणूस गाडी बघितल्याशिवाय हात लावणार नाही. त्याला तुमच्या घरीच पाठवतो, तुमचा हेलपाटा वाचेल."

आपल्याकडून एक मोठी सोय झाली, अशा समाधानात एजंटानं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

विम्याचा माणूस भर दुपारी आला. तरुण, चटपटीत, घाईतला. त्यानं चारही बाजूंनी फोटो काढले. चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, आकडे नीट उमटले. मग म्हणाला, "आता डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक फिरवून बघायचंय."

तात्यानं स्टँडवर पाय दिला आणि गाडी ओढली. गाडी हलेना. त्यानं सगळं अंग लावलं. शेवटी तरुणानंही हात लावला. मागचं चाक जमीन सोडायला तयार नव्हतं.

"रिकामी गाडी स्टँडवर येत नाही म्हणजे चेसिस वाकलीय," तो म्हणाला. "मला नापास करावी लागेल."

तात्याच्या तोंडचं पाणी पळालं. काम गेलं, म्हणजे चिमीही आली नाही. "साहेब, असं करू नका हो."

"मी तरी काय करू? बघा ना, कोणी मागे बसल्यासारखी दबलीय. आधी मागच्यांना उतरायला सांगा, मग बघू." स्वतःच्याच विनोदावर हसत तो पुढच्या नंबरप्लेटचा फोटो काढायला गेला.

आता दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. तात्या तात्या होता. तो रिकाम्या सीटकडे वळला आणि अगदी अदबीनं, थोडं हसत, थोडं रडकुंडीला येऊन म्हणाला, "जरा उतरता का? साहेबांचा खोळंबा होतोय."

शॉकअप कुरकुरले. गाडी आधी डावीकडे कलली, एखादा जाडजूड माणूस पाय टाकून उतरताना कलते तशी. मग सरळ झाली आणि मागून सावकाश वर आली.

तेवढ्यात आतून, कोणाशी तरी बोलल्याचा आवाज ऐकून, बायकोनं हाक दिली, "अहो, उन्हात काय उभं केलंय त्यांना? आत बोलवा ना! या हो, आत या, बसा. पाणी आणते."

दाराचा पडदा हलला. वारा नव्हता, हे तात्याच्या नंतर लक्षात आलं.

बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली आणि गोंधळून उभी राहिली. विम्याचा माणूस गाडीपुढे उकिडवा बसला होता. "अगंबाई, हे इथेच आहेत? मग आत्ता माझ्या अंगावरून आत कोण गेलं?"

४

गाडी पास झाली. विमा उतरला, नंतर एजंटानं गाडीही तात्याच्या नावावर करून आणली. डबल स्टँडवर ती आता नुसत्या पायानं चढत होती. रस्त्यावर अशी पळायची की तात्याला शीळ वाजवावीशी वाटे. कामावर रुजू झाला आणि पहिल्या सुट्टीला तो चिमीला घेऊन आला. पोर मागे बसून सगळ्या वाटेवर बोलत होती. इतक्या दिवसांचं साठलेलं एका दमात. तात्या हूं हूं करत मुद्दाम गाडी हळू चालवत होता.

बायकोनं बाहेरच्या खोलीतली भिंतीकडची कॉट चिमीसाठी आवरून ठेवली होती. "गादीला खड्डा पडलाय बघा," ती म्हणाली. "कोणी बसत नाही तिच्यावर, तरी."

"स्पंज जुना झालाय."

"आणि खुर्ची वाजते. आपोआप."

"लाकूड आहे, उन्हाळ्यात वाजणारच," तात्या म्हणाला. पण ती खुर्ची लोखंडी होती. ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं आणि दोघांनीही तो विषय तिथेच सोडला. मुलगी घरी आली होती. त्या आनंदाला गालबोट कशाला?

५

"बाबा, माझी गादी उतरती आहे," चिमी एका सकाळी म्हणाली. "मी घरंगळत त्या बाजूला जाते."

तात्यानं खड्ड्याच्या जागी घोंगडीची घडी घातली. दुसऱ्या दिवशी घोंगडी पापडासारखी चपटी झालेली. त्यानं कॉटच्या पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवला. तुकडा चिरला. फरशी सपाट नसेल म्हणून त्यानं जमिनीवर पेन्सिल ठेवून पाहिली. ती जिथल्या तिथे राहिली. फरशीचा काही दोष नव्हता.

एकदा तो दुपारी जेवायला आला, तर चिमी कॉटवर भिंतीला टेकून चित्र काढत होती. तिच्या शेजारी, कॉटच्या काठाला, गादी खोल दबलेली. त्याच्या डोळ्यांदेखत तो खड्डा जरा सरकला. पोरीच्या जवळ. चिमीनं मान वर न करता आपली वही बाजूला घेतली, शेजारच्याला जागा करून देतात तशी.

"चिमे, कोणाला जागा दिलीस?"

"बसलेत ना इथे," ती म्हणाली. "मला म्हणाले, थोडं सरक."

तात्यानं तिला झटक्यात उचलून घेतलं. आजीकडून आणली तेव्हा ती चांगली भक्कम होती, कडेवर घेतलं की कंबर अवघडायची. आता उचलताना त्यानं लावलेला जोर उगाच गेला. कपड्यांचा बोळा उचलावा तशी पोर वर आली.

"खाते ना नीट?" त्यानं बायकोला विचारलं.

"दोन वेळा मागून खाते. बारीकही झाली नाही. बघा ना, गाल कसे आहेत." बायकोनं पोरीचा गाल चिमटीत धरला. "पण मलाही लागतं हो तसंच. मला वाटलं, मलाच भास होतोय."

तात्यानं मुलीला त्या दिवसापासून आपल्या दोघांच्या मध्ये झोपवलं. सकाळी ती कॉटवर असायची. आपण कधी उठून गेलो ते तिला आठवत नसे.

६

घड्याळजीनं दार उघडलं तेव्हा तात्याच्या चेहऱ्यावरून त्याला काय ते कळलं असावं. त्यानं आत बोलावलं नाही. उंबऱ्यातूनच, हळू आवाजात विचारलं, "उतरला का तो?"

तात्यानं मान डोलावली.

"बोलतो का काही?" घड्याळजीचे डोळे भरून आले होते. "पाणी विचारलंत का त्याला? ऊन सोसत नाही हो त्याला, लहानपणापासून."

"कोणाबद्दल बोलताय तुम्ही? तुमचा भाऊ तर आत..."

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. पडदा अर्धवट होता. ती रुंद पाठ तिथेच होती, त्याच खुर्चीवर. खुर्चीचे पाय बाहेरच्या बाजूला फाकले होते आणि त्यांच्याखालची फरशी फुटून आत गेली होती. पाठ हळूहळू वळायला लागली. घड्याळजीनं अंग आडवं घातलं.

"तो माझा भाऊ नाही," तो कुजबुजला. "भावाचे कपडे आहेत, तोंड आहे. भाऊ गाडीवर होता. घरात आणला असता तर कोणाच्या तरी जागीच येणार. मला तेवढा धीर झाला नाही आणि त्याला तसा पडवीत बघवेनाही. म्हणून विकली. मुलाची जागा लगेच जाते, म्हणून तर मूल नसलेल्या घरात विकली."

"माझी मुलगी आलीय घरी," तात्या म्हणाला.

घड्याळजी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं दार लोटून घेतलं आणि आतून कडी घातली. तात्या दार बडवत राहिला. दारामागे तो माणूस उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता, पण दार उघडलं नाही.

७

जे विनंतीला मान देऊन उतरलं, ते विनंतीनं परत बसेलही, असा तात्यानं विचार केला. दुसरा मार्ग सुचण्यासारखी त्याची बुद्धी राहिली नव्हती. त्याला परत मागे बसवायचं आणि गाडी गावाबाहेरच्या दगडखाणीत ढकलून द्यायची. मग नोकरी गेली तरी बेहत्तर.

त्यानं वाट पाहिली नाही. घरी आला तेव्हा बायको मागच्या दारी कपडे धूत होती. चिमी कॉटवर दुपारची झोपली होती. तिच्याजवळचा खड्डा मात्र दिसेना. गादी फक्त तिच्याखाली दबली होती. तात्याला वाटलं, आपल्याच मागोमाग ते दारापर्यंत आलं असावं. त्यानं बाहेर येऊन गाडी चालू केली आणि मागे न बघता म्हणाला, "चला. बसा मागे. तुम्हाला सोडतो."

थोडा वेळ काही झालं नाही. मग मागे सीट दबली. किंचितच. एवढंसं वजन? तात्याला नवल वाटलं, पण घाईत त्यानं गिअर टाकला.

गावाबाहेर पडेपर्यंत तो मनातल्या मनात देवाचे आभार मानत होता. खाणीचा रस्ता उघडा, दोन्ही बाजूंना माळ. तिथे त्याच्या शर्टाला दोन्हीकडून ओढ बसली. कमरेच्या जरा वर, चिमटीत धरल्यासारखी. मिठी मारली की बाबाला गुदगुल्या होतात आणि गाडी डुलते, म्हणून चिमी अशीच धरायची.

त्यानं आरशात पाहिलं. मागे रिकामा रस्ता. ऊन तिरपं होतं, म्हणून त्यानं बाजूला मातीवर पाहिलं. गाडीची सावली बरोबर पळत होती. सावलीत तो होता. आणि त्याच्या मागे एक लहानसं डोकं होतं, वाऱ्यावर उडणाऱ्या दोन वेण्यांचं.

खिशातला फोन वाजत होता. त्यानं एका हातानं कसाबसा कानाला लावला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" बायको रडत होती. "चिमीकडे बघा ना. उठून बसलीय, डोळे उघडे आहेत, पण ओ देत नाही. मी उचलायला गेले तर उचलवत नाही हो मला! एवढी जड कशी झाली? कॉट मोडली तिच्याखाली. लवकर या."

तात्यानं नकळत ब्रेक दाबला होता. गाडी थांबत आली, तसं मागचं वजन एका बाजूला सरकलं. गाडी थांबली की उडी मारायला मुलं तयार होतात, तसं.

"उतरू नकोस!" तात्या आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडला. "चिमे, उतरू नकोस! धरून बस!"

शर्टाची चिमूट पुन्हा घट्ट झाली. त्यानं गाडी वळवली.

८

गल्लीत शिरताना त्याला घड्याळजीचं बोलणं नीट कळलं. घरात येईल ती कोणाच्या तरी जागी येईल. आत कॉटवर जे बसलं होतं ते काही उठून जागा देणार नव्हतं. मग उरलं कोण? तो आणि चिमीची आई. आईची जागा घेऊन आईशिवाय वाढायचं, की बापाची? आणि ज्याची जागा गेली तो या सीटवर. तात्या स्वतः आनंदानं बसला असता. पण जागा कोणाची जाईल हे ठरवणं त्याच्या हातात होतं, असं त्याला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

बायको दारातच उभी होती. डोळे सुजलेले. तिच्यामागे, उघड्या दारातून, मोडलेल्या कॉटच्या फळ्या आणि चिमीचा निळा फ्रॉक दिसत होता. फ्रॉकमधलं पोर दाराकडे पाठ करून बसलं होतं.

"अहो, उतरा ना, बघा ना हिला," बायको म्हणाली. मग तिची नजर सीटवर गेली. दबलेल्या, रिकाम्या सीटवर. आईच ती. तिनं काय ओळखलं कोण जाणे, पण तिनं दोन्ही हात पुढे केले आणि तिचं तोंड उघडलं.

"हाक मारू नकोस!" तात्या म्हणाला. "माझी शपथ आहे. आत बोलावू नकोस तिला."

तिनं पदर तोंडात कोंबला आणि उंबऱ्यावर खाली बसली.

तात्या गाडीवरून उतरला नाही. उतरून मागे बघावं, पोरीला जवळ घ्यावं, असं त्याला फार वाटत होतं. पण तो उतरला तर तीही उतरणार. बाबा जिकडे जाईल तिकडे ती जायची. रस्त्यावरून माणसं येत जात होती. शेजाऱ्यानं विचारलं, "काय तात्या, कुठे निघालात?" तात्यानं उत्तर दिलं नाही. तसं तो कधी करत नसे, म्हणून शेजारी चार पावलं गेल्यावर वळून पाहत राहिला.

बऱ्याच वेळानं तात्याच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मध्ये, एक लहान कपाळ टेकलं. लांबून आल्यावर मुलांना झोप येते. श्वास संथ झाला. शर्टावरची चिमूट सैल पडायला लागली, तशी तात्यानं आपले दोन्ही हात मागे नेले आणि हवेत, अंदाजानं, ती पडू नये म्हणून तिला धरून ठेवलं.